रिचार्ज, वायफाय आणि कार्डाचं गणित
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हापासून 'बिल भरायला कुठलं क्रेडिट कार्ड घ्यावं' असं विचारणारी पत्रं वाढली आहेत. त्यातली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. कार्डांच्या अटी वरचेवर बदलतात. म्हणून खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी यासाठी आहेत असं समजा, आणि अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या साइटवरचा अटींचा कागद उघडून बघा.

प्रश्न : घरात दोन एअरटेल प्रीपेड आहेत, दर ८४ दिवसांनी प्रत्येकी ८५९ रुपयांचा रिचार्ज. त्याच कंपनीचं वायफाय करासह ५९० रुपये महिना आणि डिश टीव्ही ३५० रुपये महिना. मुलगा म्हणतो एअरटेल-ॲक्सिसचं कार्ड घ्या, २५ टक्के परत मिळतात. मेहुणे म्हणतात ॲमेझॉन पे-आयसीआयसीआयचं कार्ड बिनफीचं आहे, तेच बरं. कोणाचं ऐकू? (एक वाचक, अलिबाग)

आधी वर्षाचा खर्च मांडू. वर्षात ८४ दिवसांचे साधारण ४.३५ रिचार्ज बसतात, म्हणजे दोन फोनचे ७,४६५ रुपये. वायफायचे ७,०८०, डिशचे ४,२००. एकूण १८,७४५ रुपये.

याचे २५ टक्के म्हणजे ४,६८६ रुपये, आणि चिरंजीवांनी बहुधा हाच आकडा सांगितला असेल. तो मिळणार नाही. या कार्डावर कंपनीच्या बिलांचा कॅशबॅक एका स्टेटमेंटमध्ये कमाल २५० रुपये, अशी मर्यादा आहे. म्हणजे महिन्याला १,००० रुपयांपर्यंतच्या बिलालाच २५ टक्के, त्यापुढे शून्य. तुमचं वायफाय आणि डिश मिळून ९४० रुपये होतात, त्यावर २३५ सुटतात. उरली १५ रुपयांची जागा. ज्या महिन्यात दोन्ही फोनचा १,७१८ रुपयांचा रिचार्ज येतो, त्या महिन्यात एवढ्या रकमेवर तुम्हाला फक्त १५ रुपये जास्त मिळतील.

म्हणून वायफाय आणि डिश मुलाच्या पसंतीच्या कार्डावर टाका, वर्षाला २,८२० रुपये. रिचार्ज मेहुण्यांच्या पसंतीच्या कार्डावर, ॲमेझॉनच्या ॲपमधून, २ टक्क्यांनी १४९ रुपये. पहिल्या कार्डाची वार्षिक फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५९०. ती वजा जाता हातात २,३७९. हीच सगळी बिलं नुसत्या बिनफीच्या कार्डावर भरली असती तर ३७५ मिळाले असते. तेव्हा दोघांचंही ऐका.

हे चुकतं कुठे, तेही सांगतो. एक, बिल कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून, म्हणजे एअरटेल थँक्समधून, भरायला हवं. दुसऱ्या ॲपमधून भरलं की २५ टक्के विसरायचे. दोन, २५० ची मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याला नसते, स्टेटमेंटच्या महिन्याला असते. समजा स्टेटमेंट दर १२ तारखेला निघतं. जानेवारीचं बिल तुम्ही १४ जानेवारीला भरलं आणि फेब्रुवारीचं जरा घाईनं १० फेब्रुवारीला. ही दोन्ही बिलं एकाच स्टेटमेंटमध्ये आली. १,८८० रुपये भरले, कॅशबॅक २५०. आणि पुढच्या चक्रात बिलच नाही. स्टेटमेंटनंतरची एक तारीख ठरवून टाका, गॅसचा नंबर लावतो तशी, आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरा.

तुमच्या घरात सगळं एकाच कंपनीचं आहे म्हणून हे जमतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत फायबर बीएसएनएलचं, आईचा फोन जिओचा, मुलाचा एअरटेलचा, अशी मिसळ असते. अशा घरात या कार्डावर वर्षाला एकाच फोनचे साधारण ९३३ रुपये सुटतील, त्यातून ५९० फी जाईल. उरलेल्या साडेतीनशेसाठी आणखी एक कार्ड, आणखी एक तारीख सांभाळायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमचं मत नको असं आहे.

कंपनीशी न बांधलेली, सगळ्याच बिलांवर ५ टक्के देणारी कार्डंही आहेत. ॲक्सिसचं एस कार्ड गूगल पेमधून भरलेल्या बिलांसाठी त्यातलंच. फी ४९९, करासह ५८९. बिनफीच्या २ टक्क्यांच्या कार्डापेक्षा इथे ३ टक्के जास्त मिळतात. ५८९ रुपये त्या ३ टक्क्यांतून वसूल व्हायला वर्षाला सुमारे १९,६०० रुपयांची बिलं हवीत, म्हणजे महिन्याला १,६३५. फोन, नेट आणि लाइट बिल मिळून तेवढं होत असेल तरच विचार करा. आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर 'प्लॅटफॉर्म फी' किंवा 'कन्व्हिनियन्स फी' अशी ओळ असते, ती वाचा. कार्डानं बिल भरलं तर काही ॲप अर्धा ते एक टक्का आणि वर जीएसटी घेतात. १ टक्का फी करासह १.१८ होते. ५ मधून ती गेली तर चालून जाईल, २ मधून गेली तर उरलं काय?

प्रश्न : माझ्या बँकेनं मोबाइल आणि इंटरनेट बिलांवर 'टेन-एक्स रिवॉर्ड' दिले आहेत. दहापट म्हणजे चांगलंच ना? (एक वाचक, दापोली)

कशाच्या दहापट, ते बघा. तुमच्या पत्रासोबतच्या कागदावर दर १५० रुपयांना १ पॉइंट हा मूळ दर आहे. दहापट म्हणजे १५० ला १० पॉइंट. एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे १५० रुपयांवर अडीच रुपये, १.६७ टक्के.

प्रत्यक्षात त्याहून कमी. तुमचं वायफायचं बिल ५८९. त्यात दीडशे तीनदा पूर्ण बसतात, वरचे १३९ रुपये बिनमोजणीचे जातात. ३० पॉइंट, साडेसात रुपये. वर्षाचे ९०. आणि त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे की पॉइंट वापरायचे तर दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पॉइंट तीन-चार हजार साठल्यावर एकदाच वापरायचे असतील तर ही फी परवडते, पण तोवर त्यांची मुदत संपत नाही ना, हेही तपासा. लहान बिलांना पॉइंटपेक्षा थेट कॅशबॅक बरा. तो स्टेटमेंटमध्ये आपोआप वजा होतो आणि २५ पैशांचा गुणाकार करावा लागत नाही.

प्रश्न : कार्डावर '५ टक्के ऑनलाइन' लिहिलंय. मी तीन महिने नेटचं बिल ऑनलाइन भरलं, एक रुपया आला नाही. तक्रार कुठे करू? (एक वाचक, चिपळूण)

तक्रारीआधी स्टेटमेंट काढा. प्रत्येक दुकानदाराला किंवा कंपनीला कार्डाच्या व्यवहारात चार आकडी वर्गक्रमांक असतो, त्याला एमसीसी म्हणतात. दूरसंचार सेवेचा ४८१४, केबल आणि डिशचा ४८९९, वीज-पाणी-गॅसचा ४९००, वॉलेटमध्ये पैसे भरण्याचा ६५४०. बँक 'ऑनलाइन' हा शब्द बघत नाही, हा क्रमांक बघते. बऱ्याच कार्डांवर ४९०० आणि ६५४० वगळलेले असतात, काहींवर ४८१४ सुद्धा.

तुमच्या स्टेटमेंटच्या प्रतीत तिन्ही नोंदींवर नेट कंपनीचं नाव नाही, वॉलेटचं आहे. म्हणजे तुम्ही कार्डानं वॉलेट भरलंत आणि वॉलेटमधून बिल. बँकेच्या लेखी ते बिल नव्हतंच. पुढच्या वेळी ॲपमध्ये पैसे देताना वॉलेटवरची खूण काढून थेट कार्ड निवडा. तरीही कॅशबॅक आला नाही तर ग्राहक सेवेला एवढंच विचारा : 'या व्यवहाराचा एमसीसी काय नोंदला गेला?' 'कॅशबॅक का नाही' असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळतं.

प्रश्न : गावात फायबर स्थानिक केबलवाल्याकडून आहे. त्याच्या क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड चालत नाही. (एक वाचिका, गुहागर)

त्याचा क्यूआर त्याच्या वैयक्तिक खात्याचा आहे. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं, माणसानं माणसाला पैसे पाठवायला चालत नाही. त्याला बँकेकडून किंवा एखाद्या पेमेंट ॲपकडून व्यापारी क्यूआर घ्यायला सांगा. छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही, हेही सांगा, म्हणजे तो कुरकुरणार नाही. फायबर बीएसएनएलचं असेल आणि तो फक्त जोडणी सांभाळत असेल, तर बिल बीएसएनएलकडे थेटही भरता येतं.

प्रश्न : तारकर्लीला आमच्या सहा खोल्या आहेत. सहा डिश, दोन फायबर, चार फोन, महिन्याला साडेपाच-सहा हजार. मे महिन्यात एसीमुळे लाइट बिल २०-२२ हजारांवर जातं. सगळं एका कार्डावर घ्यावं का? (एक वाचक, मालवण तालुका)

सगळं एकावर नको. युटिलिटी, म्हणजे वीज-पाणी-गॅससारख्या बिलांवर बँकांनी मे २०२४ पासून शुल्क लावायला सुरुवात केली. येस बँकेनं स्टेटमेंटमधली अशी बिलं १५,००० च्या वर गेली की १ टक्का, आयडीएफसी फर्स्टनं २०,००० च्या वर. त्याच वर्षी एचडीएफसी आणि एसबीआय कार्डनं ५०,००० ची रेघ आखली. या १ टक्क्यावर पुन्हा जीएसटी. शुल्क सगळ्या रकमेवर की वरच्या रकमेवर, आणि फोन-इंटरनेट 'युटिलिटी'त धरलंय की वेगळं, हे दोन मुद्दे शुल्कपत्रकात शोधा. महावितरणचे २२ हजार आणि तुमचे ६ हजार मिळून २८ होतात. वीस हजारांची रेघ असलेल्या कार्डावर मे महिन्यात तुम्ही नक्की अडकाल.

त्यात कॅशबॅकची मर्यादाही आहे. वर सांगितलेल्या ॲक्सिसच्या एस कार्डावर ५ टक्के, कमाल ५०० म्हणजे १०,००० पर्यंतच. म्हणून फोन, नेट, डिशचे ६ हजार या कार्डावर. उरलेल्या ४ हजारांच्या जागेत २०-२२ हजारांचं लाइट बिल बसत नाही. लाइट बिल दुसऱ्या कार्डावर, नाहीतर सरळ खात्यातून.

दुसरं, पावसाळ्यात खोल्या बंद असतात तेव्हा सहा डिशपैकी चारचा रिचार्ज थांबवता येतो. जून ते सप्टेंबर, चार महिने, चार डिश, प्रत्येकी ३०० धरले तरी ४,८०० रुपये वाचतात. कुठलंही कार्ड तुम्हाला वर्षात या बिलांवर एवढं देणार नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत घरात रेंज नसते. ओटीपीसाठी घाटीवर चढून जावं लागतं, तोवर तो संपतो. पावसात तर दोन-दोन दिवस टॉवर बंद. बिलाची तारीख चुकते. (एक वाचिका, संगमेश्वर तालुका)

तुम्हाला कुठलं कार्ड यापेक्षा 'ऑटो पे' कसं लावायचं हे जास्त उपयोगी. कार्डावर आवर्ती सूचना एकदा ओटीपी देऊन नोंदवली की पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या बिलाला दर वेळी ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं असतं आणि तेव्हा ते थांबवताही येतं. बाजारात गेलात की चांगली रेंज असताना हे एकदाच करून घ्या. कमाल रक्कम विचारतील तिथे बिलाच्या दीडपट लिहा. अगदी बिलाएवढी लिहिलीत आणि बिल दहा रुपयांनी वाढलं तर हप्ता परत जातो. कार्डाची मुदत संपून नवं कार्ड आलं की ही सूचना तुटू शकते. नवं कार्ड हातात पडलं की ती चालू आहे का, हे पहिल्यांदा बघा.

आता यातली खरी गोम. फोनचं बिल कार्डानं भरलं, पण कार्डाचं बिल कोण भरणार? तेही बचत खात्यातून आपोआप जाईल असं लावून घ्या. त्या अर्जावर दोन चौकोन असतात : 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू'. खूण पहिल्या चौकोनात हवी. दुसऱ्यात झाली तर बँक दर महिन्याला थोडेसेच पैसे कापते, तुम्हाला वाटतं बिल भरलं, आणि उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत राहतं. ७,००० रुपये महिनाभर राहिले तर व्याज २४५, त्यावर जीएसटी ४४, एकूण २८९. एवढा कॅशबॅक २ टक्क्यांनी कमवायला साडेचौदा हजारांची बिलं लागतात.

देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. टॉवर बंद पडला तर तो कामी येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : देवगडला कलमं आहेत. पगाराची स्लिप नाही, म्हणून बँक कार्ड देत नाही. फोन-नेटचे महिन्याला १,२०० जातात. पैसे येतात ते पेटी गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये. वर्षभराची बिलं कार्डावर टाकून मेमध्ये एकदम फेडली तर? (एक बागायतदार, देवगड)

कार्ड मिळेल, पण ही योजना सोडून द्या. दरमहा १,२०० टाकत गेलात आणि वर्षाच्या शेवटी फेडलेत, तर साडेतीन टक्क्यांनी, व्याजावर व्याज न धरताही, २,७७२ रुपये होतात. जीएसटी धरून ३,२७१. विलंब शुल्क वेगळं, आणि तीन महिन्यांत खातं थकीत धरलं जाईल ते आणखी वेगळं. १४,४०० च्या बिलांवर कॅशबॅक २ टक्क्यांनी २८८.

उलट करा. पेटीचे पैसे आले की मेमध्येच वर्षाचा रिचार्ज मारा. ८४ दिवसांचा ८५९ चा रिचार्ज वर्षाला साधारण ३,७३३ ला पडतो, तर ३६५ दिवसांचा प्लॅन ३,५९९ च्या आसपास. १३४ रुपये तिथेच वाचले, कार्डाच्या २ टक्क्यांचे ७२ वरून. नेट कंपनी सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन सूट देत असेल तर तेही याच वेळी. पैसे खात्यात असताना कार्डानं भरायचं आणि स्टेटमेंट आलं की पूर्ण फेडायचं. वार्षिक रिचार्ज मात्र मासिक मर्यादेच्या कार्डावर मारू नका. २५ टक्के म्हटले तरी २५० च्या वर काही मिळत नाही, आणि त्या महिन्याची बाकी बिलं कोरडी जातात.

कार्डासाठी मुदत ठेवीवरचं कार्ड मागा. ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेत ठेव लागते. पतसंस्थेतली किंवा दुसऱ्या बँकेतली चालत नाही. ठेवीच्या ठरावीक टक्क्यांएवढी खर्चमर्यादा मिळते, ठेवीवर बँकेचा बोजा राहतो, पण व्याज चालू राहतं. उत्पन्नाचे कागद मागत नाहीत. कार्ड चालू आहे तोवर ठेव मोडता येणार नाही, तेव्हा खतं-फवारणीला ठेवलेले पैसे यात गुंतवू नका. मर्यादा २०,००० असेल तर महिन्याचा वापर सहा हजारांच्या आत ठेवा. वर्ष-दीड वर्ष वेळेवर फेडलंत की सिबिलवर नोंद तयार होते आणि पुढे साधं कार्ड, पीककर्जाव्यतिरिक्तचं कर्जही, सोपं जातं.

कार्ड नको झालं तर लेखी कळवा आणि बाकी शून्य करा. बँकेनं ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात. पुढच्या वर्षाची फी लागण्याच्या महिनाभर आधी हे करा, फी लागल्यावर नाही.

प्रश्न : 'तुमचे ६,८०० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत' असा मेसेज आला, सोबत एक फाइल. उघडू का? (एक वाचक, सावंतवाडी)

नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे. ते बसलं की तुमचे ओटीपी त्यालाही दिसतात. पॉइंट खरे आहेत का, हे बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन बघा. फाइल उघडली असेल तर लगेच फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवून कार्ड बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार नोंदवा. ओटीपी तुमच्याकडून गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी फोन, मग घरच्यांशी चर्चा.